टेप खराब नव्हती

महिन्यातून एका रविवारी एरंडवण्यातल्या माझ्या घरी आम्ही सात-आठ जण रेकॉर्डी ऐकायला जमतो. माझी पाळी आली की मी कॅनडाचा रॉक गायक नील यंग लावतो, आणि तोही १९८२ ते १९८७ मधला. मग कुणीतरी विचारतंच, "अहो, घरात 'हार्वेस्ट' असताना हे कशाला?" परवा तुम्हीही विचारलंत. चहाचा कप हातात धरून सांगण्याइतकं ते छोटं नाही, म्हणून लिहितोय.

'हार्वेस्ट' १९७२ चा. त्या वर्षी अमेरिकेत सगळ्यात जास्त खपलेला अल्बम. गिटार, हार्मोनिका आणि त्याचा तो उंच, किंचित कापरा आवाज. पुढे दहा वर्षांनी नील यंग गेफेन या नव्या कंपनीकडे गेला आणि तिच्यासाठी त्याने पाच अल्बम केले. एकात ('ट्रान्स') यंत्रांचे आवाज, एक १९५० च्या दशकातल्या रॉक अँड रोलच्या थाटाचा आणि जेमतेम पंचवीस मिनिटांचा, एक कंट्री, आणि असंच पुढे. जुने चाहते पांगले. १९८३ मध्ये तर कंपनीनेच त्याच्यावर ३३ लाख डॉलरचा दावा ठोकला. तक्रार काय, तर हा माणूस नील यंगसारखं संगीत देत नाही! तो दावा नंतर मागे घेतला गेला, पण 'वाया गेलेली वर्षं' हा शिक्का बसला तो बसलाच.

मीही तो शिक्का मारणाऱ्यांतलाच होतो. कॉलेजात असताना जुन्या बाजारात मला 'ट्रान्स'ची कॅसेट मिळाली. कोरेगाव पार्कात राहून गेलेल्या परदेशी मंडळींच्या कॅसेटी तेव्हा तिथे यायच्या. घरी येऊन लावली. पहिलं गाणं ठीक, साध्या आवाजातलं. दुसरं सुरू झालं आणि आवाज पार बदलला. बारीक, धातूचा, शब्द एकमेकांत वितळलेले. मला वाटलं टेप खराब आहे. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून हेड पुसलं, बोळ्याला तपकिरी मळ लागला, पुन्हा लावलं. तेच. मग घड्याळजीचा छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन हेडचा स्क्रू थोडा थोडा फिरवत बसलो, शब्द उलगडतात का बघत. ते उलगडले नाहीत. कॅसेट खणात गेली.

पुढे काही वर्षांनी ताईला मुलगा झाला. त्याला सेरेब्रल पाल्सी होती. बोलणं नाही, हातापायांवर ताबा नाही. ताईच्या घरातलं घड्याळ त्याच्या व्यायामावर चालायचं. सकाळी, जेवणाआधी, दुपारी, दिवेलागणीला. तेच हात, तेच पाय, तीच मोजणी. पाहुण्यांनी फोन करून यायचं ते मधल्या फटींत. त्याच्या फिजिओने एकदा सुचवलं म्हणून मी दाराच्या घंटेचं बटण आणलं, ते बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या पंख्याला जोडलं आणि त्याच्या गालाजवळ उशीला बांधलं. बराच वेळ काही झालं नाही. मग त्याने मान वळवली, गाल बटणावर पडला आणि पंखा फिरला. तो दचकला. पुन्हा वळवली. तिसऱ्यांदा तो मोठ्याने हसला, आणि त्या संध्याकाळी आम्ही कुणी जेवायला उठलो नाही.

त्यानंतर कधीतरी नील यंगच्या घरातली हकिकत माझ्या वाचनात आली. १९७८ मध्ये जन्मलेल्या त्याच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, आणि तो बोलू शकत नाही. १९८० च्या शेवटापासून सुमारे दीड वर्ष नील यंग आणि त्याची पत्नी पेगी यांनी दिवसातले बहुतेक तास मुलाकडून कसून व्यायाम करून घेण्यात घालवले. रेकॉर्डिंग व्हायचं ते दुपारच्या मोकळ्या वेळात. १९८१ च्या 'रिॲक्टर'मध्ये नऊ मिनिटं तीच दोन वाक्यं घोकणारं एक गाणं आहे. मला ते आळसाचं वाटायचं. आता त्यात ताईची मोजणी ऐकू येते. मुलाला स्वतः चालवता यावी म्हणून त्याने खेळातली आगगाडी मोठ्या बटणावर आणली होती. आणि 'ट्रान्स'मधला तो आवाज व्होकोडरचा: गाणाऱ्याचा गळा यंत्रातून जातो आणि शब्द अर्धेच पोचतात. 'ट्रान्सफॉर्मर मॅन' हे गाणं त्या मुलासाठीच आहे, आणि त्यात बटणाचा उल्लेखही आहे. हे त्याने त्या वेळी कुणाला सांगितलं नव्हतं. १९८६ मध्ये पेगीने इतरांच्या साथीने अशा मुलांसाठी कॅलिफोर्नियात ब्रिज स्कूल काढलं, आणि त्या शाळेच्या मदतीसाठी दोघांनी वर्षानुवर्षं मैफली भरवल्या.

कॅसेट खणातून काढून मी ते गाणं लावलं आणि दार लावून घेतलं.

म्हणून पाचही अल्बम थोर आहेत असं मी म्हणणार नाही. 'लँडिंग ऑन वॉटर' मला अजून सोसत नाही, त्यातला ड्रम घणासारखा डोक्यात बसतो. घरचं दुःख कळलं म्हणून चाल सुधारत नाही. पण रमणबागेत रात्र रात्र सवाई ऐकलेली आपण माणसं. एखाद्या बुवांचा गळा लागला नाही तर "आज जमलं नाही" म्हणून घरी जातो आणि पुढच्या डिसेंबरात त्यांच्यासाठीच सतरंजीवर जागा धरतो. तेवढी जागा या माणसाला आपण दिली नाही, ही माझी खंत आहे. १९८९ मध्ये 'फ्रीडम' आला तेव्हा सगळे म्हणाले, तो परत आला. माझ्या मते तो कुठे गेलाच नव्हता, घरी होता.

१९९३ च्या 'अनप्लग्ड'मध्ये त्याने 'ट्रान्सफॉर्मर मॅन' साध्या आवाजात गायलंय. शब्द न् शब्द कळतो. आपल्यातल्या बऱ्याच जणांना तेच आवडतं, आणि ते सुंदरच आहे. तरी मी आधी १९८२ चं लावतो. माझा भाचा जे आवाज काढायचा ते मला सगळे सारखेच वाटायचे. ताईला मात्र स्वयंपाकघरातून कळायचं, तो पाणी मागतोय की पुरे म्हणतोय. मला ते ओळखायला दोन वर्षं लागली.