तीन यार्डांवर अडलेला डाव

शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी या संघांची फुटबॉल मॅच असली की आमच्या घरी दुपारची जेवणं लवकर उरकायची. मी कोल्हापूरचा, त्यामुळे फुटबॉल म्हणजे पेठ, पेठ म्हणजे तालीम आणि तालीम म्हणजे वस्ताद, हे डोक्यात लहानपणीच पक्कं बसलेलं. पुतण्या मिशिगन विद्यापीठात शिकला आणि आता कॅलिफोर्नियात अर्व्हाइनला नोकरी करतो. डिसेंबर २०२३ मध्ये मी आणि ही त्याच्याकडे गेलो, तेव्हा पोचल्या दिवशीच तो म्हणाला, "काका, एक तारखेला रोझ बाऊल आहे, अमेरिकन फुटबॉलची मोठी मॅच. आमचं मिशिगन आणि अलाबामा. खेळ तुमचा नाही, पण पेठा त्याच."

नव्या वर्षाच्या पहाटे चारला आम्ही घर सोडलं. मॅच दुपारी दोनची, पण पॅसाडेनात त्या दिवसाची सुरुवात होते ती सकाळी आठला, रोझ परेडने. कोलोरॅडो बुलेव्हार्डच्या दोन्ही फुटपाथांवर माणसं आदल्या रात्रीपासून पथारी पसरून होती. रस्त्याच्या कडेने एक निळी रेघ आखलेली असते. ३१ तारखेला रात्री अकरा वाजले की त्या रेघेपर्यंत पुढे सरकायची मुभा मिळते, आणि मग सगळं सामानसुमान उचलून लोक जागा धरायला धावतात. विसर्जन मिरवणुकीला महाद्वार रोडवर जागा धरून उभं राहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

ही परेड १८९० पासूनची. पूर्वेकडची शहरं बर्फाखाली असताना आमच्याकडे गुलाब फुलतात, हे जगाला दाखवायला तिथल्या व्हॅली हंट क्लबने ती सुरू केली. चित्ररथांचा नियम मला फार आवडला: वरून दिसणारा प्रत्येक इंच फुला-पानांनी, बियांनी किंवा झाडाच्या सालीने मढलेला हवा. दुसऱ्या दिवशी हे रथ जवळून बघता येतात. आम्ही मुद्दाम गेलो. लांबून रंग दिलाय असं वाटलेला एक भाग जवळ गेल्यावर कांद्याच्या बियांचा निघाला. गुलाबांचा प्रत्येक देठ बोटाएवढ्या नळीत खोचलेला आणि नळीत पाणी. हिने एका नळीला हलकेच बोट लावून बघितलं आणि म्हणाली, "एकेक फूल पाण्यात ठेवलंय हो, हजारो असतील." तिथून तिचा पाय निघेना.

मॅचला उशीर नको म्हणून परेड संपता संपता आम्ही स्टेडियमच्या वाटेला लागलो. गाडी लागली ती शेजारच्या गोल्फच्या मैदानात, हिरवळीवरच. गाड्यांच्या डिक्क्या उघडलेल्या, शेगड्या पेटलेल्या, घड्या घालायच्या खुर्च्या मांडलेल्या. आम्ही धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी काढली. शेजारच्या गाडीत अलाबामाहून आलेलं जोडपं होतं, दोघंही सत्तरीच्या पुढचे, अंगात गडद लाल स्वेटर. त्यांनी आम्हाला भाजलेल्या मांसाचा तुकडा देऊ केला, आम्ही त्यांना धपाटा दिला. चटणी तिखट लागली तरी आजोबांनी संपवली. निघताना ते "रोल टाइड" म्हणाले, पुतण्या "गो ब्लू" म्हणाला, म्हणजे ज्याने त्याने आपल्या संघाचा नारा दिला, आणि दोघांनी हात मिळवले.

आता स्टेडियमबद्दल, कारण इथे मी खरोखर थबकलो. बोगद्यातून आत शिरलो आणि मैदान पायांच्या खाली खोल पसरलेलं दिसलं. खासबागेत पहिल्यांदा शिरणाऱ्या माणसाला असंच होतं. शाहू महाराजांनी ते मैदान बशीसारखं बांधून घेतलं, म्हणजे शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसावी. रोझ बाऊल १९२२ चं. आधी ते घोड्याच्या नालेसारखं होतं, दक्षिणेकडची बाजू १९२८ मध्ये बंद झाली आणि वाडगा पुरा झाला. बाऊल म्हणजे वाडगाच. अमेरिकेत कॉलेजचा हंगाम संपल्यावरच्या अशा सगळ्या सामन्यांना बाऊल म्हणतात ते या मैदानामुळे.

पहिला सामना मात्र त्याआधीचा, १९०२ चा, शहरातल्या दुसऱ्या मैदानावर झालेला. त्यातही मिशिगन होतंच. त्यांनी स्टॅनफर्डला ४९-० असं हरवलं आणि वेळ शिल्लक असतानाच स्टॅनफर्डने खेळ थांबवायला सांगितलं. मग आयोजकांनी फुटबॉलच बंद केला आणि काही वर्षं चक्क रथांच्या शर्यती लावल्या. १९१६ पासून फुटबॉल परत आला तो कायमचा.

त्या दिवशी ९६,३७१ माणसं होती. एकीकडे गडद लाल, दुसरीकडे मक्याचा पिवळा आणि निळा. हा राष्ट्रीय विजेतेपदाचा उपांत्य सामना होता, हरला त्याचा हंगाम संपला.

खेळ समजायला मला अर्धा तास लागला. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेलात तर आणखी चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे. एकदा हे कळलं की मग प्रत्येक यार्डाला किंमत येते. समोरासमोर वाकून बसलेले ते धिप्पाड गडी एकमेकांना भिडले की वर आमच्यापर्यंत आवाज यायचा. पहिल्या अर्ध्यात मिशिगनच्या पोरांनी अलाबामाकडून चेंडू फेकणाऱ्या जेलन मिलरोला पाच वेळा फेक करायच्या आत खाली पाडलं. मध्यंतराला मिशिगन १३-१० ने पुढे.

माझी दुर्बीण मात्र सारखी अलाबामाच्या कडेला जात होती. तिथे निक सेबन उभे होते, वय ७२, कानाला हेडसेट. सात राष्ट्रीय विजेतेपदं मिळवलेला प्रशिक्षक. मिशिगनचे जिम हार्बॉ खेळाडू म्हणूनही त्याच विद्यापीठाचे, म्हणजे घरच्याच तालमीत तयार झालेले. माझ्या शेजारी पुतण्या चेंडू बघत होता, मी वस्ताद बघत होतो.

चौथ्या भागात अलाबामा २०-१३ ने पुढे गेलं. एव्हाना ऊन खाली उतरलं होतं आणि समोरचे सॅन गॅब्रिएलचे डोंगर गुलाबी झाले होते. पुतण्या बोलायचा थांबला. मिशिगन स्वतःच्याच अर्ध्यात, चौथा प्रयत्न, दोन यार्ड हवेत. चुकलं तर संपलंच. जे. जे. मकार्थीने ब्लेक कोरमकडे छोटा पास दिला आणि तो घेऊन कोरम सुटला. १ मिनिट ३४ सेकंद उरले असताना रोमन विल्सनने टचडाउनचा, म्हणजे शेवटच्या रेषेपलीकडचा झेल घेतला. २०-२०.

पुढे मिनिटभरात जे झालं त्याने माझ्या पोटात गोळा आला. अलाबामाने उंच मारलेला चेंडू मिशिगनच्या पोराच्या हातून निसटला, तोही स्वतःच्या गोल रेषेजवळ. त्यानेच तो कसाबसा परत पकडला, रेषेपासून यार्डभरही दूर नसेल. मी स्वतः गोलकीपर होतो. हातातून निसटलेला चेंडू काय असतो ते मला माहीत आहे. आजही रात्री कधीतरी मला १९८३ सालचा तो एक चेंडू दिसतो.

जादा वेळेत दोघांना आळीपाळीने २५ यार्डांवरून संधी मिळते. मिशिगनचा कोरम आधी आठ यार्ड गेला, मग सतरा, थेट आत. २७-२०. मग अलाबामाची पाळी, आणि ते तीन यार्डांपर्यंत आले. चौथा प्रयत्न. टाइमआउट झाला. ९६ हजार माणसं उभी होती. मिलरोने चेंडू घेतला आणि सरळ मधूनच घुसला. क्षणभर नुसता माणसांचा ढीग दिसला. मग ढिगाच्या अलीकडेच तो पडलेला दिसला, आणि आमची बाजू जल्लोषात उसळली. मिशिगन जिंकलं. पुतण्याने मला उचललं. मी त्याला लहानपणी खांद्यावर बसवून मॅच दाखवायला न्यायचो.

त्या गोंधळात मी दुर्बीण परत लावली. सेबन मैदानाच्या मध्याकडे चालत गेले, हार्बॉंशी हात मिळवला आणि गर्दीत दिसेनासे झाले.

गोल्फच्या मैदानातून गाडी निघायला दोन तास लागले. शेजारचं जोडपं खुर्च्यांच्या घड्या घालत होतं. आजी रडून मोकळ्या झालेल्या दिसत होत्या. उरलेले धपाटे हिने त्यांना बांधून दिले.

८ तारखेला मिशिगनने ह्यूस्टनमध्ये वॉशिंग्टनला ३४-१३ असं हरवून विजेतेपद घेतलं, १९९७ नंतरचं पहिलं. आम्ही ती मॅच घरी टीव्हीवर बघितली, पेढे वाटले. दोन दिवसांनी आम्ही चहा घेत बसलेलो असताना पुतण्याने फोनवरून मान वर केली. "काका, सेबन निवृत्त झाले."

म्हणजे पॅसाडेनातली मॅच त्यांची शेवटची. मी कप खाली ठेवला. हिने विचारलं, "कोण हो?" मी म्हटलं, "ते लाल संघाचे वस्ताद. त्या दिवशी मैदानातून चालत गेले ना, ते."