मूठभर माती
आज सोलापूरजवळच्या गावी थोरल्या काकांना माती देऊन आलो. आम्ही लिंगायत, त्यामुळे चिता नाही. सजवलेल्या विमानात, म्हणजे पालखीसारख्या मखरात, बसवून भजन म्हणत नेलं. खड्ड्यात मांडी घालून बसवलं, डाव्या तळहातावर इष्टलिंग (अंगावर कायम बाळगायचं छोटं शिवलिंग), अंगभर विभूती, वर बेलाची पानं आणि मीठ. स्वामींचे मंत्र संपले तशी सगळ्यांची मूठ मूठ माती. न टाकता परतलं तर गावात वर्षभर बोलणं! पाठदुखी विसरून मीही वाकलो.

गंमत पुढेच. आम्ही लिंगायत ज्यांना मानतो त्या बसवण्णांनी 12व्या शतकात सूतक नाकारलं, आणि आईनं मला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. "आधी आंघोळ." बादली अंगणात भरून ठेवलेली होती. वाद नाही घातला. पाणी मात्र गार होतं.