खिडकीतली जागा

बर्लिनमध्ये आम्ही भाचीकडे उतरलो होतो. तिच्या घरी जायचं तर नोलेनडॉर्फप्लात्सला गाडी बदलावी लागायची. तीन दिवस त्या स्टेशनातून आमची ये-जा चालली होती. रात्री त्याचा घुमट सप्तरंगांत उजळतो, तेही डोळे भरून पाहिलं होतं. पण दक्षिणेकडच्या दाराशेजारी भिंतीत बसवलेला गुलाबी दगडाचा त्रिकोण काही नजरेस पडला नव्हता. चौथ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता आमची गाईड नेमकी त्या दगडापाशीच उभी होती.

समलिंगी माणसांच्या इतिहासातून फिरवून आणणारी ही पायी सहल भाचीनं परस्पर ठरवून टाकली होती. अडीच तास, अकरा माणसं, शोनेबेर्ग नावाची वस्ती. गाईड साठीच्या पुढची, आखूड पांढरे केस, गळ्यात अडकवलेल्या पिशवीत जुन्या फोटोंच्या लॅमिनेट केलेल्या प्रती. सुरुवातीला प्रत्येकानं आपली ओळख करून द्यायची होती. आमच्यातर्फे भाचीच बोलली, "ही माझी मावशी, आणि ही पण माझी मावशी."

बाकीच्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. आम्ही दोघी मात्र खाली बुटांकडे बघत राहिलो. गेली एकोणीस वर्षं आमच्या घरात हिची ओळख 'मावशीची मैत्रीण' अशीच आहे. लग्नाकार्यात ती असते, वाढायला असते, आजारपणात दवाखान्यात रात्र रात्र बसलेली असते. फोटोत मात्र कडेला. भाचीनं हे इतक्या सहज म्हटलं, त्या क्षणी माझ्या मनात काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही.

तो दगड १९८९ सालचा. नाझींच्या राजवटीत बळी गेलेल्या समलिंगी माणसांसाठी. त्यावर दोनच शब्द ठळक आहेत, आणि जर्मनमध्ये दोन्हींची सुरुवात एकच आहे: ठार मारलेले, आणि मग मौनानं पुसलेले. छळछावणीत समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवलेला असे. पुरुषांमधले समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम १७५ खाली नाझी काळात सुमारे ५०,००० पुरुषांना शिक्षा झाल्या आणि ५,००० ते १५,००० जणांना छावण्यांत पाठवलं गेलं, असं इतिहासकार सांगतात. मला त्याहून जास्त लागलं ते पुढचं. हे कलम मुळात १८७१ पासूनचं. १९३५ मध्ये नाझींनी ते अधिक कडक केलं. युद्ध संपलं, हिटलर गेला, पण पश्चिम जर्मनीनं त्याचं ते कडक रूप १९६९ पर्यंत जसंच्या तसं ठेवलं. छावणीतून जिवंत सुटलेल्या माणसाला त्याच कलमाखाली पुन्हा तुरुंगात टाकता येत होतं. कायद्याच्या पुस्तकातून ते पूर्णपणे गेलं १९९४ मध्ये. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं आपलं कलम ३७७ घेऊन आम्ही अर्ध्या आयुष्याहून जास्त काळ जगलो आहोत, त्यामुळे एखादं कलम माणसाच्या घरात कुठवर शिरतं हे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको होतं. ६ सप्टेंबर २०१८ ला हा गुन्हा नाही असा निकाल आला, तेव्हा आम्ही दोघी स्वयंपाकघरात रेडिओसमोर उभ्या होतो. काही बोललो नाही. तिनं गॅस बंद केला, एवढंच आठवतं.

"हे कलम पुरुषांसाठी होतं ना? मग बायका सुटल्या का?" हिनं विचारलं.

गाईड थांबली. म्हणाली, ह्याचं उत्तर चालता चालता देते. आणि तिनं वाट बदलली.

ब्यूलोश्ट्रासे हा रुंद रस्ता आहे आणि त्याच्या डोक्यावरून लोखंडी पुलावर मेट्रो जाते. गाडी आली की बोलणं थांबवावं लागतं. १९२० च्या दशकात ह्या रस्त्यावर ३७ क्रमांकाला नात्सिओनालहोफ नावाचं नाचाचं सभागृह होतं आणि तिथं 'व्हायोलेटा' ह्या बायकांच्या क्लबाचे कार्यक्रम रंगत. क्लब चालवणारी लोटे हाम. १९२६ पासून तिनं बायकांना एकत्र आणायचं काम हाती घेतलं: नाच, सहली, चांदण्या रात्री बोटीतून फेरफटका. ऑफिसात टायपिंग करणाऱ्या, दुकानात उभ्या राहणाऱ्या, दिवसभर दमलेल्या बायका संध्याकाळी इथं एकमेकींच्या कमरेत हात घालून नाचत होत्या. जवळच श्वेरीनश्ट्रासेवर 'टॉपकेलर' होतं. तिथं सोमवारी बायकांचा मेळा भरे. आपल्या वाड्यांसारखीच बर्लिनची जुनी घरं, एका चौकामागे दुसरा चौक. त्यातून आत आत गेलं की वाद्यांचा आवाज येई.

मग गाईडनं पिशवीतून एका मासिकाच्या मुखपृष्ठाची प्रत काढली. 'दी फ्रॉयंडिन', म्हणजे मैत्रीण. १९२४ पासून १९३३ पर्यंत निघालेलं, बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांसाठीचं मासिक. गोष्टी, लेख, कायद्याविषयीचा मजकूर, क्लबांच्या जाहिराती, ओळखीसाठी छोट्या जाहिराती. आणि ते कुठं मिळायचं, तर रस्त्यावरच्या वर्तमानपत्रांच्या टपरीवर. मध्यंतरी काही काळ सरकारनं त्याची उघड विक्री बंद पाडली, तरी ते पुन्हा आलं. मी ती प्रत हातात घेतली आणि परत द्यायला माझा हात उठेना. ह्या शब्दाला, 'मैत्रीण' ह्या शब्दाला, आम्ही एकोणीस वर्षं पांघरुणासारखं वापरलं. इथं तोच शब्द मोठ्या अक्षरात पहिल्या पानावर छापून टांगलेला होता.

१९९८ चा डिसेंबर. मी सांगलीला कॉलेजात होते. दोन बायकांच्या प्रेमावरचा एक सिनेमा लागला म्हणून मुंबईच्या एका उपनगरात चित्रपटगृहाच्या काचा फोडल्या गेल्या. ती बातमी मी वाचनालयातल्या पेपरात वाचली. आपल्यासारखं जगात आणखी कुणी आहे, हे मला ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी फुटलेल्या काचाही कळल्या. मुंबईत १९९५ पासून 'स्त्री संगम' नावाचा गट काम करत होता. मला ते समजायला पुढं कित्येक वर्षं गेली. टपरीवर टांगलेलं एखादं मासिक तेव्हा दिसलं असतं तर, असं ब्यूलोश्ट्रासेवर वाटलं, आणि खूप वाटलं.

'दी फ्रॉयंडिन' १९३३ च्या मार्चमध्ये बंद पडलं. क्लब बंद झाले. आणि बायका? कलम १७५ त्यांना लागू नव्हतं, पण पोलिसांना दुसरी नावं सापडत होती. ट्रामवर कंडक्टर असलेल्या एली स्मुलाला १९४० मध्ये पकडून राव्हेन्सब्रुकच्या छावणीत नेलं. कागदोपत्री गुन्हा राजकीय, शेजारी नोंद 'लेस्बियन'. १९४३ मध्ये ती तिथंच मेली. अशा बायकांसाठी राव्हेन्सब्रुकला कायमचं स्मृतिचिन्ह बसायला २०२२ साल उजाडलं. त्यासाठी तिथल्या स्त्रियांना कितीतरी वर्षं भांडावं लागलं. हिच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. वरून गाडी गेली आणि ती जाईपर्यंत कुणीच काही बोललं नाही.

मोट्झश्ट्रासे २४, कोपऱ्यावरची इमारत. इथं 'एल्डोराडो' होतं, त्या काळच्या बर्लिनच्या रात्रीचं सर्वांत गाजलेलं ठिकाण. आज तिथं खाली किराणा-भाजीचं दुकान आहे. गाईडनं दोन फोटो शेजारी शेजारी धरले. पहिल्यात दारावर ठसठशीत पाटी: 'इथं बरोबर जागी आलात!' दुसरा १९३३ च्या सुरुवातीचा. पाटी तीच, पण खिडक्यांवर निवडणुकीची पोस्टरं आणि स्वस्तिकं चिकटवलेली. शहराच्या पोलिसप्रमुखानं १९३२ मध्येच अशा नाचांवर बंदीची मोहीम उघडली होती. जागा रिकामी होताच हिटलरच्या पक्षाच्या गणवेशधारी 'एसए' तुकड्यांनी तिथं बस्तान मांडलं. मधे गेले होते जेमतेम काही महिने.

एल्डोराडोची एक गोष्ट गाईडनं लपवली नाही, म्हणून मला ती आवडली. इथं येणाऱ्यांत बघे पुष्कळ असत. परगावचे श्रीमंत पाहुणे टोकन विकत घेत आणि बायकांच्या वेशातल्या कलावंतांबरोबर एक नाच नाचत. घरी गेल्यावर सांगायला एक गंमत. "आपण आज इथं कशासाठी आलोय, हे ज्यानं त्यानं ठरवावं," असं म्हणून तिनं नियम सांगितला: आजच्या बारबाहेर बसलेल्या कुणाच्याही चेहऱ्याचा फोटो काढायचा नाही. आमच्यातल्या एका गृहस्थानं वर केलेला मोबाइल खिशात घातला. हा नियम अशा प्रत्येक सहलीत असायला हवा असं मला ठामपणे वाटतं. कुणाच्या तरी घरी कुणाला तरी अजून माहीत नसतं.

माग्नुस हिर्शफेल्डचं नाव इथंच निघालं. ह्या डॉक्टरनं १८९७ मध्ये बर्लिनमध्ये समिती काढून कलम १७५ विरुद्ध सह्या गोळा करायला सुरुवात केली, १९१९ मध्ये लैंगिकतेच्या अभ्यासाची संस्था उघडली. आपल्याला वाटतं तशा वेशात रस्त्यावरून जाणाऱ्यांना पोलिसांनी अडवू नये म्हणून त्याच्या वैद्यकीय दाखल्यावर बर्लिनचे पोलीस परवाने देत. ६ मे १९३३ ला ती संस्था लुटली गेली आणि चार दिवसांनी तिथली पुस्तकं चौकात जाळली. तो तेव्हा देशाबाहेर होता. पॅरिसच्या एका सिनेमागृहात, बातमीपटात, त्यानं आपल्या ग्रंथालयाची होळी पाहिली. तो चौक आम्ही आदल्याच दिवशी पाहिला होता. जमिनीत एक जाड काच बसवली आहे आणि खाली रिकाम्या पांढऱ्या फळ्या, २०,००० पुस्तकं मावतील एवढ्या.

हिर्शफेल्ड १९३१ मध्ये भारतात येऊन गेला होता. त्याच सुमारास मुंबईत र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' चालवत होते, १९२७ पासून. वाचकांनी विचारलेल्या हस्तमैथुन, समलिंगी संबंध अशा प्रश्नांना त्यांनी सरळ उत्तरं दिली म्हणून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू मांडायला उभे राहिले बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, पण मासिक चालूच राहिलं. हे मी गाईडला सांगितलं. तिनं दोन्ही नावं वहीत लिहून घेतली, स्पेलिंग विचारून. पुढच्या सहलीत ती सांगेल अशी मला आशा आहे.

सहलीचा उरलेला भाग मोट्झश्ट्रासे आणि फुगरश्ट्रासेवरच्या आजच्या बारमधून गेला. काही जागी अजून दाराला बेल आहे. युद्धानंतर पोलिसांची धाड पडायची, म्हणून बेल वाजवायची, आतून झरोक्यातून चेहरा बघायचा आणि मग दार उघडायचं. खिडक्या झाकलेल्या, आतलं बाहेर दिसू नये म्हणून. गाईड सत्तरच्या दशकात तरुणपणी इथं आली तेव्हा असंच होतं. ह्यातली बहुतेक ठिकाणं पुरुषांची आहेत, हेही खरं. बायकांनी बायकांसाठी चालवलेली 'बेगिने' ही जागा पोट्सडामरश्ट्रासेवर आहे, १९८६ पासून. मला तिथं जास्त वेळ हवा होता.

निरोप घेताना गाईडनं एक पत्ता दिला. हाउप्टश्ट्रासे १५७. वीस-पंचवीस मिनिटं चालत. तिथं १९७७ मध्ये 'आंडेरेस उफर' नावाचं कॅफे उघडलं, म्हणजे 'पलीकडचा काठ'. जर्मनमध्ये एखाद्याला 'तो पलीकडच्या काठावरचा' म्हटलं की काय ते समजायचं. लोक जे कुजबुजत होते तेच मालकांनी पाटीवर लिहिलं. शेजारच्या घरात तेव्हा गायक डेव्हिड बोवी राहायचा, म्हणून पुष्कळजण तिथं फोटो काढायला येतात. पण गाईड म्हणाली, बोवीचं राहू द्या, खिडक्या बघा. बेल नाही, झरोका नाही. रस्त्याकडे उघडणाऱ्या मोठाल्या काचा. आत कोण बसलंय ते सगळ्या शहराला दिसू दे, असं पहिल्यांदा कुणीतरी म्हटलं होतं. आता नाव बदलून 'नॉयेस उफर' आहे, नवा काठ.

आम्ही पोचलो तेव्हा साडेनऊ होत आले होते आणि जूनमधला उजेड अजून रेंगाळत होता. खिडकीजवळचं टेबल रिकामं होतं. मी सवयीनं आतल्या कोपऱ्याकडे वळले.

"अगं, तिकडे कुठं चाललीस?" ही म्हणाली आणि खिडकीत बसली.

मी तिच्या समोर बसले. पिवळी दुमजली बस थांबायची, वरच्या मजल्यावरची माणसं आमच्याकडे बघायची आणि बस निघून जायची. हळूहळू बाहेर अंधारलं, आत दिवे लागले. पुण्यात ह्या वेळेला ती उठते आणि हॉलचे पडदे ओढते. दिवा लावायच्या आधी पडदे, हा आमच्या घरचा रोजचा क्रम. बोलता बोलता तिचा हात काचेच्या कडेकडे गेला आणि तसाच थांबला. तिथं पडदा नव्हता. तिनं तो हात टेबलावर आणला आणि माझ्या हातावर ठेवला.

भाची फोनवर बोलायला बाहेर गेली होती. फुटपाथवरून तिनं काचेवर टकटक केली आणि मोबाइल वर धरून खुणेनं विचारलं, काढू का?

"काढ," ही म्हणाली. काचेतून ते ऐकू जाणार नव्हतं, म्हणून तिनं मान हलवून सांगितलं.