सात गडी, सात मिनिटं आणि फिजीचा जेरी

जुलै 2024, रात्री सव्वाअकरा वाजून गेलेले, बाहेर पावसाची रिपरिप आणि मी मोबाईलवर पॅरिस ऑलिम्पिकची रग्बी सेव्हन्सची फायनल लावून बसलेलो. आबा पाणी प्यायला उठले, स्क्रीनकडे बघून म्हणे, "हाई काय शे रे? कबड्डी का फुटबॉल?"

आता काय सांगणार. गडी कबड्डीसारखेच सात-सात, पकडही तशीच कमरेला नाहीतर पायाला, पण हातात बॉल, आणि तो पास करायचा तर मागेच, पुढे पळायचं नाहीतर बॉलला लाथ मारायची. सात मिनिटांचा एक हाफ, मध्ये दोन मिनिटं दम खायला, की मॅच खल्लास. आपल्या कबड्डीचा एक हाफ वीस मिनिटांचा, त्यामुळे मी आधी हसलो होतो, पण मैदान केवढं मोठं ते बघितल्यावर गप बसलो.

मी बघत होतो ते जेरी तुवाईसाठी. फिजीची राजधानी सुवा, तिच्याजवळच्या गरीब वस्तीतला पोरगा, बॉल नसला की प्लास्टिकची बाटली घेऊन खेळायचा. फिजीच्या टीममध्ये आला 2014 ला, म्हणजे पंचविशीत! आपल्याकडे पंचविशीतल्या गड्याला घरचे विचारतात, कबड्डी बस झाली, पोलीस भरतीचं काय?

2016 ला रिओत ब्रिटनला 43-7 ने धुतलं. फिजीचं ते पहिलंवहिलं ऑलिम्पिक मेडल, तेही डायरेक्ट गोल्ड, मग सरकारने सात डॉलरची नोटच काढली, सातची! टोकियोला तर कोरोनामुळे मासे नेणाऱ्या कार्गो विमानातून गेले, घरच्यांना कित्येक महिने भेटले नव्हते, तरी न्यूझीलंडला 27-12 ने हरवून परत गोल्ड. रिओ आणि टोकियो दोन्ही टीममध्ये असलेला गडी एकटा जेरीच, आणि टोकियोत कॅप्टनही तोच.

पॅरिसच्या फायनलपर्यंत फिजी ऑलिम्पिकमध्ये एकही मॅच हरलं नव्हतं. हाफटाइमला 7-7. मग फ्रान्सने त्यांचा स्टार गडी द्युपों याला आत सोडलं आणि तिथून सगळं फिरलं, 28-7. जेरीला सिल्व्हर. पस्तिशीत, तिसरं ऑलिम्पिक मेडल, आणि तरी मला मेलं वाईट वाटत होतं.

आबा तोवर खाटेवर पडलेले, अंधारातूनच विचारलं, "तुना गडी हारना का?"

"हो."

"मंग झोप आते."