तुम्ही विचारलंत म्हणून: पोरीकडून एवढं सगळं करून का घेता?

लग्नात, बाजारात, भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर, कुठेही कोणी भेटलं की हा प्रश्न ठरलेला. एवढुशी पोर, तुम्ही दोघं धडधाकट, उचलून चाकांच्या खुर्चीत ठेवली तर काय बिघडतं? एक मावशी तर तोंडावरच म्हणाल्या, "पोरले कितला तरास देस वं तू!" जीव तुटतो म्हणूनच विचारता ना सगळे, म्हणून नीट सांगते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेलो होतो, धाब्याला, म्हणजे घराच्या सपाट छताला, कठडा नव्हता, पोरगी वरून पडली. डी-बारा म्हणतात तो पाठीचा मणका मोडला आणि आतल्या मज्जारज्जूला मार बसला. ऑपरेशन करून रॉड आणि स्क्रू टाकले, हाड बसलं, पण मज्जारज्जू काही हाडासारखा जुळून येत नाही. हात, छाती, डोकं एकदम छान. कमरेखाली हालचाल नाही, स्पर्श कळत नाही, लघवी-संडासवर ताबा नाही.

येणारे जाणारे सगळे पायांकडे बघतात, पण आमच्या घराचं घड्याळ लघवीवर चालतं. दर चार तासांनी नळी घालून लघवी काढायची, झालं की नळी बाहेर. वेळ चुकली तर पोटातली लघवीची पिशवी तुंबते, दाब वर किडनीकडे जातो, इन्फेक्शन होतं, ताप भरतो. आणि नळीचा कंटाळा म्हणून पाणी कमी प्यायचं असंही चालत नाही, जळगावच्या मे महिन्यात तर नाहीच नाही. आधी हे सगळं मी करायचे. मग मुंबईला हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची जुनी संस्था आहे, १९५५ची, तिथे गेलो, आणि तिथे नळी आणि आरसा माझ्या हातात न देता पोरीच्या हातात दिला. मला बाजूला बसवलं. मी मनात म्हटलं, लहान आहे हो, कसं करेल. तर कळलं की सहा-सात वर्षांची मुलंसुद्धा हे शिकतात. आज ती साबणाने हात धुते, दार लावते, स्वतःचं स्वतः करून बाहेर येते. तिच्या अंगाला आता कोणाला हात लावावा लागत नाही. पोरगी मोठी होतेय, ही गोष्ट तिच्यासाठी केवढी मोठी आहे ते प्रत्येक आईला समजेल.

कातडीचंही तसंच. खुर्चीत बसलं की दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन अंग वर उचलायचं, नाहीतर बसल्या जागी जखम होते आणि ती भरायला महिनेच्या महिने जातात. तापलेली फरशी, उन्हात उभ्या गाडीची सीट, मांडीवर ठेवलेलं गरम ताट, भाजलं तरी तिला कळणार नाही, म्हणून आधी तळहात लावून बघायचं. रात्री आरशात पाठ, टाचा, बूड तपासायचं. ही राखण चोवीस तासांची आहे, आणि चोवीस तास तिच्याजवळ तीच असते.

हे मी डोक्यातून काढलेलं नाही. लुडविग गुटमन नावाचे डॉक्टर होते, जर्मनीतून पळून इंग्लंडला आलेले, १९४४ला त्यांनी स्टोक मँडेव्हिलला अशा पेशंटांचा वॉर्ड सुरू केला. तोपर्यंत असे पेशंट पलंगावर पडून राहायचे आणि जखमा नि लघवीच्या इन्फेक्शनने जायचे. त्यांनी ठराविक वेळाने कूस बदलवली, कामाला लावलं, खेळायला लावलं, १९४८ला त्यांच्या स्पर्धा घेतल्या, त्यातूनच पुढे पॅरालिम्पिक झालं. मला हे वाचून फार बळ आलं होतं.

घरातही तोच हिशोब. ओटा दीड फूट उंच. गवंडी दादा म्हणाले पाच-सहा फुटांचा उतार काढून देतो, तेवढी जागा आहे. पण तेवढ्या चढावर कोणीतरी मागून ढकलायलाच लागणार. एक फूट उंचीला बारा फूट लांबी हवी, म्हणजे अठरा फूट, मग भिंतीच्या कडेने वळवून काढला, तुळशीवृंदावन सरकवलं, आणि आता ती स्वतः चढते. पलंगाचे पाय कापून खुर्चीच्या उंचीला आणले, सुतार काकांनी गुळगुळीत फळी करून दिली, तिच्यावरून ती सरकत खुर्चीत येते.

शाळेत पहिल्यांदा म्हणाले आई दिवसभर बसणार असेल तर घेतो. मी नाही म्हटलं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिच्यासारख्या मुलांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे, आईला सोबत बसवायची अट त्यात कुठेच नाही. वर्ग खाली आणला, टॉयलेटला आतून कडी बसवली, मधल्या सुट्टीआधी पाच मिनिटं सोडतात, बस.

बघवत नाही हे खरंय. पँट घालायला तिला जो वेळ लागतो, पलंगावर या कुशीवरून त्या कुशीवर होत, तोवर माझे हात शिवशिवतात. सासूबाई उठून आत जातात. पण मी पटकन घालून दिली ना, तर तेवढा खांद्यांचा व्यायाम गेला, आणि तिला रागही येतो, "मम्मी, मी करतेय ना!"

चालेल का, हेही विचारता. कॅलिपर, म्हणजे पायांना ताठ धरणारे आधार, लावून रोज उभी राहते, हाडांसाठी ते गरजेचं आहे. वाढतं वय आहे, मणका वाकण्याची भीती असते, म्हणून एक्सरे चालू असतात. त्यापुढचं मी बोलत नाही, आणि तिच्यासमोर तुम्हीही विचारू नका, एवढी विनंती आहे.

सध्या जमिनीवरून खुर्चीवर चढायची प्रॅक्टिस चालू आहे. अजून जमलेलं नाही. आधी पाटावर, मग स्टुलावर, मग खुर्चीवर असं टप्प्याटप्प्याने घेतोय, पाटापर्यंत येते.