तुम्ही विचारलंत म्हणून: दहावीपर्यंत तर चांगला होता, मग अचानक काय झालं?

आमच्या शुभंकरांच्या मीटिंगला (शुभंकर म्हणजे आम्ही काळजी घेणारे घरचे, आणि ज्याला स्किझोफ्रेनियासारखा मानसिक आजार आहे तो शुभार्थी) कोणी नवीन आलं की पहिला प्रश्न हाच असतो, आणि बहुतेक वेळा एखादी आईच विचारते. दहावीला चांगले मार्क होते हो, मित्र होते, क्रिकेट खेळायचा, मग एकोणिसाव्या वर्षी अचानक असं काय झालं? आणि मग आवाज खाली आणून, आमचं काही चुकलं का?

माझ्या दादाला स्किझोफ्रेनिया (नसलेले आवाज ऐकू येणं, भलतेच समज होणं असा मेंदूचा आजार) होऊन आता १६ वर्षं झाली. आमच्या आईनंही हेच विचारलं होतं, डॉक्टरांना, ज्योतिषाला, शेजारच्या काकूंना, सगळ्यांना. मी तेव्हा बारावीत होते. त्यानंतर जे मिळेल ते वाचत गेले, भेटेल त्या डॉक्टरांना विचारत गेले, त्यातून जे कळलं ते सांगते.

आमचं गाव तासगावकडचं, घरची द्राक्षबाग, त्यामुळे मला हे बागेतूनच समजलं. बागायतदारांना माहीत असेल, एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, नवीन काडी फुटते आणि पुढच्या दीडदोन महिन्यांत त्या काडीच्या डोळ्यांत (जिथून पुढे फूट निघते तिथे) घड तयार व्हायला लागतो. बाहेरून काही दिसत नाही हां, नुसता हिरवागार पाला. त्याच दिवसांत आभाळ आलं, ऊन कमी पडलं तर डोळ्यात घडच धरत नाही, पण ते कळतं कधी, तर ऑक्टोबर छाटणी झाल्यावर, जेव्हा घडाच्या जागी बाळी, म्हणजे वेलीचा नुसता तंतू, निघते. माणूस म्हणतो ऑक्टोबरात काय बिघडलं! बिघडलेलं असतं मे-जूनमध्ये.

मेंदूचंही असंच आहे. डॅनियल वाइनबर्गर नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९८७ मध्ये साधारण हेच मांडलं, की गडबड फार आधी, कदाचित पोटात असतानाच झालेली असते, पण मेंदूचा जो भाग सगळ्यात शेवटी तयार होतो, कपाळामागचा, तो पूर्ण कामाला लागेपर्यंत ती उघडी पडत नाही. तो भाग पंचविशीपर्यंत तयार होत असतो. म्हणून मुलांमध्ये हा आजार अठरा ते पंचवीसच्या आसपास दिसायला लागतो, मुलींमध्ये थोडा उशिरा. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्न तोडलं होतं, भयंकर उपासमार झाली, त्या काळात ज्यांचा गर्भ राहिला त्या मुलांना मोठेपणी स्किझोफ्रेनिया होण्याचं प्रमाण साधारण दुप्पट निघालं. ब्रिटनमध्ये १९४६ साली जन्मलेल्या काही हजार मुलांची नोंद जन्मापासून ठेवली होती, त्यातल्या ज्यांना पुढे हा आजार झाला ती मुलं सरासरी महिनाभर उशिरा चालायला लागली होती. एक महिना! कुठल्या आईच्या लक्षात येणार ते, आणि आलं तरी उशिरा चालणारी बहुतेक मुलं ठणठणीतच असतात.

मग दुसरी गोष्ट म्हणजे छाटणी, आणि ही तर शब्दशः छाटणी आहे. लहान मुलाच्या मेंदूत पेशींमधले जोड गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतात. शिकागोच्या पीटर हटनलॉकर यांनी ते मायक्रोस्कोपखाली मोजले होते, १९७९ मध्ये छापून आलं, एकदोन वर्षांच्या बाळात मोठ्या माणसापेक्षा जवळजवळ ५० टक्के जास्त. पुढे वाढीच्या वयात, खास करून किशोरवयात, न लागणारे जोड मेंदू स्वतःच काढून टाकतो, आणि राहिलेल्या वायरींवर चरबीचं आवरण चढतं म्हणजे निरोप भराभर जातो. हे सगळ्यांच्यात होतं, चांगलंच आहे ते. अर्विन फाइनबर्ग यांनी १९८२ मध्ये शंका मांडली की स्किझोफ्रेनियात ही छाटणी जास्त होत असावी, आणि २०१६ मध्ये बॉस्टनच्या शास्त्रज्ञांनी सुमारे ६५,००० लोकांची जनुकं तपासून सी-फोर नावाच्या जनुकाकडे बोट दाखवलं. हे जनुक खरं तर प्रतिकारशक्तीच्या कामाचं, पण मेंदूत ते कुठले जोड काढायचे त्यावर खूण करायला मदत करतं. ज्यांच्यात ते जास्त जोरात चालतं त्यांना धोका थोडा जास्त. थोडाच, कारण ते एक जनुक झालं, अशी शेकडो ठिकाणं आहेत. एकसारख्या जुळ्यांमध्ये एकाला आजार असला तरी दुसऱ्याला होतोच असं नाही, फार तर निम्म्या वेळा.

आता जोड कमी झाले, वायरिंग बिघडलं, तर कानात आवाज कसे येतात? दादाचे ओठ हलायचे. आई म्हणायची पुटपुटतोय, कुणाशी बोलतोय. आपण बोलतो तेव्हा मेंदूचा पुढचा भाग तोंडाला हुकूम देतो आणि त्याच वेळी ऐकण्याच्या भागाला एक वर्दी देतो की हे आपलंच आहे, दुर्लक्ष कर. स्पर्शाचंही तसंच, म्हणूनच स्वतःला गुदगुल्या होत नाहीत. लंडनमध्ये २००० साली केलेल्या प्रयोगात आवाज ऐकू येणाऱ्या पेशंटना स्वतःच्या हाताचा स्पर्श आणि दुसऱ्याचा स्पर्श जवळपास सारखाच जाणवला. म्हणजे वर्दी नीट पोचत नाही, मग मनातलं स्वतःचं वाक्यच बाहेरून आल्यासारखं वाटतं. तिथेच त्याआधी, १९९३ मध्ये, आवाज येत असताना स्कॅन घेतले तर बोलण्याचा भाग जागा झालेला दिसला होता. दादा अजूनही आवाज वाढले की गुणगुणायला लागतो, त्याला म्हणे बरं वाटतं, आणि हे वाचल्यापासून मी त्याला कधीच गप्प बस म्हणाले नाही.

एमआरआय नॉर्मल आला मग आजार कसा, असंही विचारतात. फरक असतो, पण इतका बारीक की शेकडो जणांची सरासरी काढली तर दिसतो, एकट्याच्या फिल्मवर नाही. द्राक्षाची काडी लॅबला नेऊन डोळ्यात घड आहे का बघता येतं, तसं मेंदूचं अजून नाही. एमआरआय काढतात तो गाठ वगैरे नाही ना हे बघायला.

आणि आईचं काही चुकलं का? नाही. १९४८ मध्ये 'आजार घडवणारी आई' असा एक शब्दच मानसोपचारात काढला होता, नंतर कितीतरी वर्षं घरोघरच्या बायकांना तो ऐकून घ्यावा लागला आणि त्याला कधीच पुरावा मिळाला नाही. मला याचा अजून राग येतो.

माझं मात्र चुकलं होतं, ते सांगते. औषधांनी दादाचे आवाज पुष्कळ कमी झाले, कारण औषधं डोपामिनला (मेंदूत निरोप पोचवणारं एक रसायन) आवर घालतात. पण काही करायची ओढच नसणं, हे या औषधांनी फारसं कमी होत नाही, त्यामुळे तो दिवसभर पलंगावर बसून राहायचा, आठ आठ दिवस आंघोळ नाही, आणि मी ओरडायचे, आळशी आहेस, आई मेली तर कोण करणार तुझं. आंघोळ म्हणजे आपल्याला एक गोष्ट वाटते, पण उठायचं, टॉवेल शोधायचा, गीझर लावायचा, कपडे काढून ठेवायचे, ही सगळी साखळी कपाळामागचा भाग जोडतो आणि त्याचेच धागे या आजारात नीट जुळत नाहीत. डॉक्टरबाईंनी हे समजावलं त्या दिवशी मी बाहेर पायरीवर बसून खूप रडले.

आता मी आंघोळ कर असं म्हणतच नाही. बादली भरते, टॉवेल दांडीवर टाकते आणि एवढंच म्हणते, दादा, पाणी काढलंय. मग पाच मिनिटांनी, दादा, उठ. काल उठला. परवा नव्हता उठला, पाणी गार झालं, त्याच पाण्यानं मी अंगण धुतलं.