सतरा नंबरचा फॉर्म आणि त्वरण

सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, दहावीला बसायचं ठरवलं. विज्ञानाचा पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा, आणि मी तिथेच अडले. वेग, त्वरण हे सगळं नववीत झालंय असं धरूनच तो लिहिलेला. माझी नववी अठरा वर्षांपूर्वी अमळनेरलाच अर्धवट सुटली होती. मग मुलीचं नववीचं पुस्तक मागून घेतलं आणि रात्री भांडी आवरली की ओट्यावर बसू लागले.

चाल आणि वेग यांतच पहिले चार दिवस गेले. घर ते शेत तीन किलोमीटर. तासाभरात जाऊन आले तर सरासरी चाल ताशी ६ किलोमीटर, आणि सरासरी वेग शून्य! पाय दुखतात ते काय खोटं? मग कळलं, किती चाललो हे वेग विचारतच नाही. निघालो कुठून, पोचलो कुठे, कोणत्या दिशेला आणि किती वेळात, एवढंच विचारतो. ओट्यावरून निघून ओट्यावरच आले, तर विस्थापन, म्हणजे निघाल्या जागेपासून पोचल्या जागेपर्यंतचं सरळ अंतर, शून्य.

त्वरण, म्हणजे दर सेकंदाला वेग किती बदलतो ते, मात्र रेल्वेने शिकवलं. जळगावला जाताना खिडकीतून किलोमीटरचे दगड दिसतात. मुलीने मोबाइलवर सेकंद मोजले, दोन दगडांमध्ये ५०. म्हणजे सेकंदाला २० मीटर. तासात ३६०० सेकंद, किलोमीटरमध्ये १००० मीटर, म्हणून ३.६ ने गुणायचं: ताशी ७२ किलोमीटर. धरणगाव आलं, ब्रेक लागले आणि ४० सेकंदांत गाडी उभी. दर सेकंदाला वेग सरासरी अर्धा मीटर प्रतिसेकंदाने उतरला, म्हणून एककात सेकंद दोनदा येतो. उत्तर उणे ०.५. उणे म्हणजे गाडी मागे जाते, असा माझा समज होता. गाडी जळगावकडेच चालली होती, त्वरणाची दिशा तेवढी अमळनेरकडे होती. बाकावरची डब्याची पिशवी पुढे सरकली ती त्याचमुळे: गाडी मंदावली, पिशवी आधीच्याच वेगाने पुढे जाऊ पाहत होती.

सगळ्यात छळलं ते वर फेकलेल्या वस्तूने. टोकाला वेग शून्य, म्हणून सराव पेपरात त्वरणही शून्य लिहिलं आणि गुण गेले. दुसऱ्या दिवशी अंगणात लिंबू वर फेकत बसले. सासूबाई म्हणाल्या, "लिंबू काबर फेकी राहिनी वं?" सेकंदाला ४.९ मीटर वेगाने फेकलं तर ते अर्ध्या सेकंदात जेमतेम सव्वा मीटर चढतं. नजर तिथेच रोखून धरली. टोकाला त्वरणही शून्य असतं, तर शून्य झालेला वेग शून्यच राहिला असता आणि लिंबू हवेतच टांगलेलं दिसलं असतं. ते तर लगेच तळहातावर येत होतं. पृथ्वीची ओढ त्या क्षणीही सुटलेली नसते, दर सेकंदाला वेग ९.८ मीटर प्रतिसेकंदाने ती बदलतच असते.

घरात जाऊन पेपर काढला, जुन्या उत्तरावर काट मारली आणि खाली लिहिलं: वेग ०, त्वरण ९.८, दिशा खाली.